मागची शेड

होमात तूप पडलं, ज्वाळा वर आली आणि पाठोपाठ धूर दिवाणखान्यात पसरला. मंजुषाने गुरुजींकडे पाहिलं नाही, सासऱ्यांकडेही नाही. तिची नजर नवऱ्यावर होती. शिशिर रेशमी कद नेसून वडिलांच्या शेजारी पाटावर बसला होता आणि त्याच्या नाकात नळी नव्हती.

ऑक्सिजनचं मशीन आगीजवळ आणता येत नाही. ते आतल्या खोलीत राहील आणि शिशिरही तिथेच बसेल, असं घरून निघताना ठरलं होतं. पण चंदीगडजवळच्या एयरोसिटीतल्या सासऱ्यांच्या या घरात पाऊल टाकताच श्रीपादरावांनी शेजारचा रिकामा पाट दाखवला आणि शिशिरने नळी काढून मंजुषाच्या हातात दिली.

"थोडा वेळ बसतो," तो म्हणाला होता. "बाबांचं सहस्रचंद्रदर्शन काय परत परत होणार आहे?"

ऐंशी ओलांडलेले श्रीपादराव ताठ बसले होते. कपाळावर गंध, खांद्यावर रेशमी उपरणं. उजव्या बाजूला सरोजताई, त्यांचा हात पतीच्या हाताला लागलेला. मागे खुर्च्यांवर महाराष्ट्र मंडळातली मंडळी, बहुतेक निवृत्त, बहुतेक कधीकाळी बदलीवर चंदीगडला येऊन इथलीच झालेली. खिडक्या बंद होत्या, कारण बाहेर शेतात पेटवलेल्या पराळीचा, भाताच्या खुंटांचा धूर होता. आत होमाचा.

काल दुपारचं मंजुषाच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टर, चिन्मयी नाव त्यांचं, नागपूरच्या. दारावरची पाटी वाचून शिशिरने सहज मराठीत नमस्कार केला आणि पुढचं सगळं मराठीतच झालं. मंजुषाला वाटत राहिलं, हे हिंदीत किंवा इंग्रजीत ऐकलं असतं तर जरा लांबचं वाटलं असतं.

"तुम्ही काम काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आमचा कारखाना आहे पिंजौरला. अत्तरं, पावडरी, उटणं."

"अत्तरांच्या कारखान्यात एवढी धूळ कुठून आली?"

मग शिशिरने सांगितलं. उटण्यात आणि दंतमंजनात घालायला गारगोटी दळायचे. राजस्थानातून गारगोटीचे तुकडे यायचे, मागच्या शेडमध्ये गिरणी होती, ती तो चालवायचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आला तेव्हापासून, ती गिरणी बंद होईपर्यंत. तोंडाला रुमाल बांधायचा. संध्याकाळी भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या.

डॉक्टर पुन्हा एक्स-रेकडे वळल्या. "हा क्षय नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मते कधीच नव्हता. याला सिलिकोसिस म्हणतात. ती धूळ आत जाऊन बसली आहे आणि तिच्याभोवती फुफ्फुस घट्ट होत चाललंय. झालंय ते मागे फिरत नाही."

परतताना गाडी जाई चालवत होती. शिशिर मागच्या सीटवरून म्हणाला, "उद्या घरात कुणाला काही बोलायचं नाही. आणि बाबांना तर कधीच नाही." मंजुषा खिडकीबाहेर बघत राहिली. जाईने आरशात आईकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

आता शिशिरच्या ओठांचा रंग बदलला होता. त्याने एक आहुती टाकली, दुसरीसाठी हात उचलला आणि खोकला आला. तो दाबायला गेला तशी मान खाली गेली. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. श्रीपादरावांचा तुपाची पळी धरलेला हात तसाच राहिला.

"जाऊ दे त्याला आत," सरोजताई हळूच म्हणाल्या.

मंजुषाने त्याला खांद्याला धरून उठवलं. त्याचं वजन तिच्या हाताला आता इतकं कमी लागायचं की तिला त्याचीच भीती वाटे. आतल्या खोलीत जाईने मशीन सुरू करून ठेवलं होतं. नळी लागल्यावर बऱ्याच वेळाने शिशिर बोलला.

"दोन्ही आहुत्या पडल्या ना?"

"पडल्या," मंजुषा म्हणाली. पडली एकच होती.

*

जेवणं झाली, पाहुणे निघू लागले, तशी शिशिरची थोरली बहीण देवयानी दारापाशी उभी राहून प्रत्येकाच्या हातात छोटी जाळीदार पुरचुंडी ठेवू लागली. आत तिने बनवलेली वाळ्याच्या अत्तराची कोरडी पूड होती. वडिलांच्या सोहळ्यासाठी म्हणून मुद्दाम केलेली.

"अगं, हे तर पिठासारखं आहे," मंडळातल्या एक काकू म्हणाल्या. "अत्तर कुठाय यात?"

"त्यातच आहे, काकू. ही सिलिका. प्रत्येक दाण्याला आतून बारीक बारीक भोकं असतात, अत्तर त्यात जाऊन बसतं आणि हाताला कोरडंच लागतं. कपाटात ठेवा. नाहीतर मानेला लावा, अंगाची ऊब लागली की हळूहळू वास सोडते."

"चेहऱ्याला चालेल?"

"चालेल की. तेलकटपणा टिपून घेते. आमच्या सगळ्या पावडरींत हीच असते. हिच्यामुळे पावडरीचे गोळे होत नाहीत, बोटाखाली मऊ लागते."

हे ती आयुष्यभर सांगत आली होती, कौतुकानेच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर कनौजला राहून ती अत्तरांचं काम शिकली. लग्न केलं नाही. वडिलांनी केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून पिंजौरला शेड टाकली, तेव्हा पुढची खोली तिची झाली. पांढरा कोट, काचेच्या बाटल्या, तिच्या नाकावर चालणारी खोली. धाकटा भाऊ मागे असायचा.

शेवटचे पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मंजुषा गॅसवर पाणी तापवत उभी होती.

"कसा आहे तो?"

"झोपलाय." मंजुषाने वळून पाहिलं नाही. "ताई, तुम्हाला एक विचारू? गिरणी आधी पुढेच होती ना? तुमच्या खोलीला लागून?"

देवयानीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "हो. सुरुवातीला."

"मग मागे का नेली?"

"धूळ यायची. माझ्या मिश्रणांत बसायची, बाटल्यांवर थर. कनौजचा मोगरा आणला होता मी, तो पार बिघडला. मग बाबांनी मागे शेड बांधून दिली."

"आणि तिचं दार?"

देवयानीने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"शिशिर मला सांगायचा," मंजुषा म्हणाली, "हसत सांगायचा. की ताई दिवसातून दहादा येऊन दार लावून घ्यायला लावते. त्याच्याबरोबर गिरणीवर असलेला इंद्रजित उकडतंय म्हणून उघडायचा आणि तुम्ही येऊन लावायचात."

"मंजू, काय झालंय?"

"क्षय नाहीये. काल सांगितलं डॉक्टरांनी. ती गारगोटीची धूळ आहे त्याच्या छातीत. ही दोन वर्षं आपण त्याला चुकीची औषधं चारली."

पाणी उकळायला लागलं. दोघींपैकी कुणी गॅस बंद केला नाही.

देवयानीला बोलायचं होतं की तिने वडिलांना सांगितलं होतं. एका मासिकात वाचून ती बोलली होती की गिरणीवर धूळ ओढून घेणारा पंखा हवा, पुढच्या वर्षी बघू असं ते म्हणाले होते आणि पुढच्या वर्षी तिने परत विचारलं नव्हतं. हेही बोलायचं होतं की आता वापरतो ती सिलिका निराळी, ती रसायनातून तयार होते, दगड फोडून नाही, आणि तीच आणा म्हणून हट्ट धरून तिनेच ती गिरणी बंद करवली होती. हे सगळं खरं होतं. आणि दार लावायला ती यायची हेही खरं होतं. धूळ तिच्या खोलीत येऊ नये म्हणून. आत उरलेल्या धुळीचं काय होतं, हा विचार तिच्या मनात आला नव्हता असं तिला आज छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

"बाबांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"शिशिर नको म्हणतो."

"बरोबर आहे. आज तरी नको. या वयात त्यांना..."

"आणि इंद्रजितला? तो शिशिरबरोबरच होता तिथे. आणि तिथलाच तो दुसरा कामगार, नरेंदर. शिशिर काल रात्रीपासून एकच म्हणतोय, इंद्रजितला कळवा. फोन लावला तर तो नंबर बंद आहे."

"कळवू. पण जरा नीट. आधी एखाद्या वकिलाला विचारू या, नाहीतर..."

मंजुषा पहिल्यांदा तिच्याकडे वळली. चिडलेली नव्हती. त्या चेहऱ्यावर जे होतं ते देवयानीला सोसवेना, म्हणून तिने नजर दाराकडे वळवली. दारात सरोजताई उभ्या होत्या. ओवाळणीचं तबक हातात, त्यातली निरांजनं विझलेली.

"कुठलं दार?" सरोजताईंनी विचारलं. "कुणी लावायचं?"

*

सरोजताईंना त्यांच्या सुनेने सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी ते ऐकून घेतलं. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि तिला जवळ घ्यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आजवर या घरात काही झालं की त्या आधी नवऱ्याची बाजू धरायच्या, मग लेकीची. सून बाहेरची म्हणून नव्हे. ती कधी काही मागायचीच नाही, म्हणून.

आतून श्रीपादरावांचा आवाज आला. ते शिशिरच्या खोलीत गेले होते.

तिघी तिकडे गेल्या. श्रीपादराव पलंगाच्या कडेला बसून मुलाच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवत होते. जाई खिडकीशी उभी होती.

"खा थोडा. अरे, क्षय म्हणजे आज काय राहिलंय? आमच्या सांगलीला लहानपणी माणसं जायची त्याने. आता गोळ्या घेतल्या की बरा. तू खाण्यापिण्याकडे लक्ष देत नाहीस. उन्हाळ्यापर्यंत कारखान्यात यायला लागशील बघ."

"हो, बाबा."

"पक्का?"

"पक्का," शिशिर म्हणाला आणि हसला.

"आजोबा," जाई म्हणाली. "टीबी नहीं है."

"जाई," शिशिरने मान फिरवली.

"नहीं, पापा. बस." तिचा आवाज चढला नव्हता. घरात तिला मराठी सगळं कळायचं, पण मनातलं बोलायची वेळ आली की तिची भाषा बदलायची. "आजोबा, वो जो पत्थर पीसते थे ना पीछे शेड में, उसकी डस्ट है. लंग्ज़ में. डॉक्टर ने कल बताया. टीबी कभी था ही नहीं."

श्रीपादराव आधी नातीकडे, मग मुलाकडे पाहत राहिले. मग त्यांनी, सरोजताईंना नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं तसं, शिऱ्याची वाटी नीट टेबलावर ठेवली आणि मास्तरांसारखं समजवायला सुरुवात केली.

"असं बघ. सिलिका म्हणजे वाळू. किनाऱ्यावर पोरं लोळतात तिच्यात. ज्या बाटलीत आपण ॲसिड ठेवतो, ती काच म्हणजे सिलिकाच. कशाशी तिचा संयोग होत नाही. इतका निष्क्रिय पदार्थ नाही दुसरा. म्हणून तर सौंदर्यप्रसाधनात वापरतात. शरीरात जाऊन ती करणार काय?"

"कुछ नहीं करती, आजोबा," जाई म्हणाली. "बस, निकलती नहीं."

मशीन तेवढं घरघरत होतं.

श्रीपादराव लेकीकडे वळले. आयुष्यभर शास्त्राचा प्रश्न आला की ते तिच्याकडे वळत. "देवू, तू सांग हिला."

देवयानी वडिलांकडे वळली. "बाबा, ती बरोबर सांगतेय. दळलेल्या गारगोटीचा कण बारीक असतो, कडा धारदार. श्वासाबरोबर खोल जातो. मी तुम्हाला तेव्हा..." ती थांबली. "माहीत होतं, बाबा. आपल्याला दोघांनाही थोडं माहीत होतं."

"ताई, राहू दे," शिशिर म्हणाला. उशीवरून जरा उठायला गेला, जमलं नाही. "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला कुणी बांधून ठेवलं होतं का तिथे? मला इंजिनिअरिंग झेपलं नाही, तुम्ही काम दिलंत. मला आवडायची ती गिरणी. आवाज असायचा, त्यात गाणी म्हणायचो आम्ही, कुणाला ऐकू जायची नाहीत." त्याला दम लागला. तो थांबला आणि परत बोलला. "माझं एकच काम करा. इंद्रजितला कुणीतरी सांगा. दोनेक वर्षांपूर्वी भेटला होता बाजारात, खोकत होता. मी त्याला म्हटलं, अरे क्षयाची तपासणी कर. मीच म्हटलं."

श्रीपादराव उठून उभे राहिले, परत बसले. अंगावरचं उपरणं घसरलं होतं. "सांगू," ते म्हणाले. "सांगायलाच हवं. उद्या, परवा देवू वकिलांशी बोलेल, मग मी..."

"आज," सरोजताई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आज जायचं. तुम्ही जायचं. जाई नेईल गाडीने." त्यांच्या हातात अजून ते तबक होतं, ते त्यांनी पलंगावर ठेवलं. "त्या डब्यावर नाव माझं होतं. सरोज उटणं. इथल्या बायका मला बाजारात थांबवून सांगायच्या, तुमच्या उबटनने मुलीचा रंग उजळला. मला केवढं बरं वाटायचं. आज मी इंद्रजितच्या बायकोच्या दारात जाऊ शकत नाही, माझे गुडघे चालत नाहीत. तुम्ही जा."

"अगं, पण आजचा दिवस..."

"तुमचे हजार चंद्र बघून झाले ना? आता जा."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सरोजताई नवऱ्याशी या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. मंजुषा पुढे झाली आणि तिने सासूच्या दंडाला धरलं, पडतील म्हणून. सरोजताईंनी तिचा हात तसाच राहू दिला.

श्रीपादराव बाहेर गेल्यावर देवयानीही निघाली. शिशिर म्हणाला, "ताई, तू थांब ना जरा. बस इथे."

ती पलंगापाशी गेली तशी त्याला ठसका लागला. तिच्या हाताला वाळ्याचा वास होता, सकाळपासून पुरचुंड्या बांधल्याचा. अलीकडे कुठलाही वास त्याला सहन होत नसे. ती न्हाणीघरात गेली, साबणाने हात धुतले, हुंगले, परत धुतले. पूड रेषारेषांत बसली होती आणि गरम पाण्याने वास आणखीच सुटत होता. मनगटापासून कोपरापर्यंत ती घासत राहिली. शेवटी बाहेर आली तेव्हा हात लाल झाले होते. ती दाराजवळच्या खुर्चीवर, त्याच्यापासून लांब बसली.

"इतक्या लांब?" शिशिर म्हणाला.

"इथूनही दिसतोस तू मला," देवयानी म्हणाली.

*

झिरकपूर मागे पडलं, पंचकुला गेलं आणि रस्ता डोंगरांकडे वळला. श्रीपादरावांच्या मांडीवर बायकोने दिलेला लाडवांचा डबा होता. कारखान्याचा रस्ता त्यांनी किती वेळा कापला असेल. त्या काळी स्कूटरवरून, मागे शिशिर बसलेला. त्याला उतरवून ते पुढच्या दाराने आत जायचे आणि तो बाहेरून वळसा घालून मागे.

"आजोबा, पानी?"

"नको." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझा बाबा गायचा, हे मला माहीतच नव्हतं."

जाई म्हणाली, "मुझे भी नहीं."

इंद्रजितचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. श्रीपादरावांना ते आठवत होतं, त्याच्या मुलाच्या मुंडणाला की कशाला ते एकदा आले होते. दार उघडंच होतं. अंगणात एक बाई मेथी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, पाहत राहिली आणि घाईने ओढणी सावरून उभी राहिली.

"साहब जी? आप? आओ जी, बैठो." त्यांच्या कपाळावरचं गंध, रेशमी उपरणं आणि हातातला डबा पाहून तिचा चेहरा खुलला. "शादी है किसी की? ये बेटी की?"

"नहीं, निर्मल जी," श्रीपादराव म्हणाले. खाटेवर बसले. "इंद्रजित कहाँ है?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जागच्या जागी थिजलं. "आपको किसी ने नहीं बताया? वो तो पिछली सर्दियों में पूरे हो गए. फैक्टरी में मैंने कहलवाया था. नए लोग हैं वहाँ, क्या जानें." तिने मेथीची परात बाजूला सरकवली. "टीबी थी."

जाईने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. श्रीपादरावांना वाटलं, आता उठावं. डबा द्यावा, दोन शब्द बोलावेत आणि उठावं. ज्याला सांगायचं तो राहिला नाही. कुणी काही म्हणणार नाही, सरोजसुद्धा.

"निर्मल जी," ते म्हणाले, "शिशिर बहुत बीमार है. उसको भी सबने टीबी बोला था. टीबी नहीं निकली. वो जो शेड में पत्थर पीसते थे, उसकी धूल है छाती में. दोनों साथ में काम करते थे. मुझे लगता है, इंद्रजित को भी वही था."

त्यांची हिंदी इतक्या वर्षांतही मराठी वळणाचीच राहिली होती. आपण बोलतोय ते तिला कळतंय की नाही, अशी शंका त्यांना आली. तिला कळलं होतं.

"धूल?"

जाई तिच्यासमोर उकिडवी बसली. "आंटी, अंकल के थूक का, बलगम का टेस्ट हुआ था? उसमें टीबी निकली थी?"

"कई बार हुआ. कुछ नहीं निकला. डॉक्टर ने कहा, फोटो में तो टीबी ही लगती है, दवाई खाओ. खाते रहे." ती नातीकडून आजोबांकडे पाहू लागली. "तो ये... धूल वाली बीमारी. ये भी लगती है एक से दूसरे को?"

श्रीपादरावांनी मान हलवली. "नहीं. किसी को नहीं लगती."

"किसी को नहीं?"

"नहीं."

निर्मल अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे पत्र्याचं छप्पर घातलेली एक छोटी खोली होती, दाराला बाहेरून कडी.

"मैंने उनकी खाट वहाँ डाल दी थी," ती म्हणाली. "थाली अलग, गिलास अलग. पोता छोटा था ना. वो दरवाज़े में बैठकर बुलाते थे उसको, पुत्तर, इधर आ, और मैं उठाकर अंदर ले जाती थी. आख़िर तक. आख़िरी दिन भी." ती सावकाश बोलत होती, जणू स्वतःलाच ऐकवत होती. "एक बार हाथ लगाने को मांगा था उन्होंने. मैंने कहा, ठीक हो जाओ, फिर."

जाई रडत होती. निर्मल रडत नव्हती.

"पक्का है ये?" तिने विचारलं.

श्रीपादरावांनी आयुष्यभर लोकांना पक्कं सांगितलं होतं. हे काही करत नाही, हे कशाशी मिसळत नाही, हे बिनधास्त वापरा. "पक्का अब कोई नहीं बोल सकता," ते म्हणाले. "फोटो होगा तो डॉक्टर को दिखाएँगे. पर मुझे लगता है, यही था."

"तो मुझे बताने क्यों आए?"

मुलाने सांगितलं म्हणून, बायकोने धाडलं म्हणून. ती दोन्ही उत्तरं या बाईसमोर ठेवण्यासारखी नव्हती. आपण हिला आणून काय दिलं, हे त्यांना कळत होतं. नवरा गेल्याचं दुःख तिला आधीच होतं. आता त्याच्याजवळ बसता आलं असतं, हे दुःख त्यांनी आणून दिलं.

"गलती मेरी थी," ते म्हणाले. "पत्थर मैंने मंगवाया, शेड मैंने बनवाई. पंखा नहीं लगाया."

निर्मलने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती आत गेली. आतून नळाचा आवाज आला, बराच वेळ. गल्लीतून एक स्कूटर गेली. श्रीपादराव खाटेवर डबा धरून बसून राहिले. आता ती बाहेर येऊन चालते व्हा म्हणेल, शेजाऱ्यांना बोलावेल, काहीही करेल, तिचा तो हक्क आहे, असं त्यांना वाटत होतं.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोक्यावर धुतलेली ओढणी होती. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. ते तिने जाईला दिलं.

"नरेंदर का घर गुरुद्वारे के पीछे है," ती म्हणाली. "वो भी खाँसता है. उसकी घरवाली ने भी बच्चे मायके भेज रखे हैं." ती चपला पायात सरकवत होती. "उठो."

श्रीपादराव उठले. जाईने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. लाडवांचा डबा खाटेवरच राहिला. निर्मल गल्लीत पुढे निघाली होती, मागे वळून न बघता, आणि तिच्या चालीने चालणं त्यांना जमत नव्हतं, तरी ते चालू लागले.